प्रमाणपत्रापासून पदवीपर्यंत : आयआयटी मद्रासची पायऱ्यापायऱ्यांची पदवी

चेन्नई : देशभर टाळेबंदीची छाया असताना, ३० जून २०२० रोजी, तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री रमेश पोखरियाल 'निशंक' यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे चेन्नईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या, अर्थात आयआयटी मद्रासच्या, एका नव्या पदवी अभ्यासक्रमाचे उद्घाटन झाले. तत्कालीन राज्यमंत्री व अकोल्याचे खासदार संजय धोत्रे, तसेच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष अनिल सहस्रबुद्धे हेही या कार्यक्रमात सहभागी झाले होते. प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स या विषयांतील ही बी.एस्सी. पदवी घरबसल्या मिळणार, जेईई परीक्षा न देता मिळणार आणि कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्यास मिळणार, या तीन गोष्टींची त्या दिवशी बरीच चर्चा झाली. चौथी गोष्ट मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली. ही पदवी एकसंध नव्हती. तिच्या वाटेवर मुक्काम होते आणि प्रत्येक मुक्कामावर थांबणाऱ्याच्या हाती काही ना काही कागद पडण्याची व्यवस्था होती.

त्यानंतर बरोबर २९ दिवसांनी, २९ जुलै २०२० रोजी, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले आणि हीच कल्पना देशाच्या धोरणाचा भाग बनली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स वा संशोधनासह पदवी असा क्रम त्या धोरणात आहे. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे शब्द ऐकू येतात. चेन्नईचा अभ्यासक्रम जानेवारी २०२१ मध्ये पहिल्या तुकडीसह प्रत्यक्ष सुरू झाला, त्यामुळे धोरणातील ही कल्पना व्यवहारात कशी उतरते हे पाहण्यासाठी तो सर्वांत सोयीचा आणि सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक ठरतो.

उद्घाटनाच्या वेळी या अभ्यासक्रमाचे वर्णन 'जगातील पहिला' असे करण्यात आले होते. हे विशेषण जपून घ्यावे लागेल. लंडन विद्यापीठाने संगणकशास्त्राची ऑनलाइन बी.एस्सी. पदवी २०१९ मध्येच कोर्सेरा या मंचावरून सुरू केली होती. पूर्वशिक्षण कमी असलेल्यांनी आधी काही विषय उत्तीर्ण होऊन दाखवावेत आणि मग पूर्ण प्रवेश मिळवावा, अशी सोयही तिथे होती. चेन्नईच्या प्रयोगाचे मोल पहिलेपणापेक्षा त्याच्या आकारात आणि त्यामागे उभ्या असलेल्या संस्थेच्या नावात आहे.

आधी शिकवणी, मग परीक्षा

आयआयटीच्या बी.टेक. प्रवेशाची रीत सर्वपरिचित आहे. दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुले जेईई मेन परीक्षेला बसतात आणि देशातील २३ आयआयटींमध्ये मिळून सुमारे १७ ते १८ हजार जागा असतात. जागा ठरलेल्या, म्हणून परीक्षेचा हेतू निवडण्याइतकाच वगळण्याचा. या अभ्यासक्रमात जागांची संख्या ठरलेली नाही. जो पात्र ठरेल तो आत येतो. त्यामुळे प्रवेश परीक्षेचे स्वरूपच पालटले.

अर्ज केलेल्या विद्यार्थ्याला आधी चार आठवडे शिकवले जाते. इंग्रजी, डेटा सायन्ससाठीचे गणित, संख्याशास्त्र आणि संगणकीय विचारपद्धती हे चार विषय असतात. दर आठवड्याला चित्रफितींतून व्याख्याने येतात, स्वाध्याय येतात. स्वाध्यायांत किमान गुण मिळाले तरच पुढच्या पात्रता परीक्षेला बसता येते, आणि ती परीक्षा या चार आठवड्यांत शिकवलेल्या भागावरच असते. खुल्या प्रवर्गासाठी प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि सरासरी ५० टक्के अशी अट ठेवण्यात आली, तर राखीव प्रवर्ग आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना त्यात सवलत देण्यात आली. अट एवढीच की विद्यार्थी बारावी उत्तीर्ण असावा आणि दहावीत त्याने गणित व इंग्रजी हे विषय घेतलेले असावेत. बारावीला कला शाखा असली तरी चालते. वयाला मर्यादा नाही.

पहिल्या फेरीसाठी सुमारे ३० हजार अर्ज आले आणि सुमारे ८ हजार विद्यार्थी पात्र ठरले. म्हणजे दार उघडे असूनही बहुसंख्य उंबरठ्याशीच थांबले. यातले काही स्वाध्यायांतच मागे पडले, काहींना वेळ साधला नसेल. पण त्यांचा एक महिना वाया गेला असे म्हणता येत नाही. आपल्याला हा अभ्यास झेपतो की नाही, याचा निर्णय त्यांनी एखाद्या क्लासच्या जाहिरातीवरून न करता प्रत्यक्ष अभ्यास करून केला. प्रवेशप्रक्रियेचा हा भाग या सगळ्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे, आणि गंमत म्हणजे त्याचेच अनुकरण इतर विद्यापीठांनी सर्वांत कमी केले आहे.

चार मजली रचना

पात्र ठरलेला विद्यार्थी पायाभूत स्तरात येतो. या स्तरात आठ विषय आहेत आणि त्यांचे मिळून ३२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, होतात. पात्रता फेरीतले चार विषय इथे पूर्ण खोलीत शिकवले जातात. त्यांच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इंग्रजीचा दुसरा भाग, शिवाय पायथन या संगणकभाषेतील प्रोग्रामिंग असते. आठही विषय उत्तीर्ण झाल्यावर विद्यार्थ्याला थांबायचे असेल तर पायाभूत प्रमाणपत्र मिळते.

पुढचा स्तर पदविकेचा. इथे दोन स्वतंत्र पदविका आहेत, एक प्रोग्रामिंगची आणि दुसरी डेटा सायन्सची, आणि प्रत्येक २७ श्रेयांकांची आहे. पहिल्या पदविकेत माहितीसाठ्यांचे व्यवस्थापन, जावा, वेब ॲप्लिकेशनची बांधणी असे विषय आहेत, दुसरीत मशीन लर्निंग आणि व्यवसायातील माहितीचे विश्लेषण. दोन्हींत प्रकल्प करावे लागतात. एकच पदविका घेऊन बाहेर पडता येते. पदवीकडे जायचे असेल तर मात्र दोन्ही पूर्ण कराव्या लागतात.

त्यानंतर पदवी स्तराचे २८ श्रेयांक मिळवले की एकूण ११४ होतात आणि बी.एस्सी. पदवी मिळते. सुरुवातीला शिडी इथेच संपत होती. २०२२ मध्ये तिला आणखी २८ श्रेयांकांचा मजला जोडण्यात आला. एकूण १४२ श्रेयांक पूर्ण करणाऱ्यास 'डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्स' या विषयातील चार वर्षांची बी.एस. पदवी दिली जाऊ लागली. मार्च २०२३ मध्ये तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या हस्ते इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स या विषयातील अशीच दुसरी बी.एस. पदवी सुरू झाली.

वर्षाला तीन सत्रे असतात : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. एका सत्रात किती विषय घ्यायचे, याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला आहे, पण ते अमर्याद नाही. आधीच्या कामगिरीवरून कमाल मर्यादा ठरते, चांगले गुण मिळवणाऱ्याला जास्त विषय आणि चाचपडणाऱ्याला कमी. एखाद्या सत्रात आजारपण आले, घरात लग्न निघाले किंवा नोकरीत कामाचा ताण वाढला, तर ते सत्र सोडून देता येते. शुल्कही विषयागणिक भरायचे असते. सत्रात दोन विषय घेतले तर दोन विषयांचेच पैसे. एकरकमी वार्षिक शुल्क भरणे ज्या घरांना जड जाते, त्यांच्यासाठी ही सोय कागदावर दिसते त्याहून मोठी आहे.

सुरुवातीच्या वर्षांत पायाभूत स्तराचे शुल्क श्रेयांकामागे एक हजार रुपये, म्हणजे संपूर्ण स्तरासाठी ३२ हजार रुपये होते. वरच्या मजल्यांवर ते वाढत जाते. उत्पन्न आणि प्रवर्ग यांनुसार ७५ टक्क्यांपर्यंत शुल्कमाफी आहे. तुलनेसाठी, आयआयटीतील नियमित बी.टेक.चे नुसते शिक्षणशुल्क २०१६ पासून वर्षाला दोन लाख रुपये आहे, अर्थात तिथेही सवलती आहेत. शुल्काचे आकडे बदलत असतात. इच्छुकांनी चालू सत्राचे आकडे संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत, मध्यस्थांकडून घेऊ नयेत.

घरी शिका, केंद्रावर लिहा

अभ्यास ऑनलाइन असला तरी परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली होतात. प्रत्येक सत्रात मधल्या चाचण्या आणि शेवटी सत्रांत परीक्षा असते. आठवड्याचे स्वाध्याय वेळेत न भरल्यास सत्रांत परीक्षेला बसण्याचा हक्कच जातो. ऑनलाइन शिक्षणाविषयी आपल्याकडे जी शंका सर्वांत आधी घेतली जाते, ती पेपर कोणी सोडवला याची असते. तिला दिलेले हे उत्तर आहे. करोनाकाळात मोबाइलवर झालेल्या परीक्षा आणि त्यांतून उधळले गेलेले गुण ज्यांनी पाहिले, त्यांना या अटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शिकवणारे सगळे आयआयटी मद्रासचेच आहेत असेही नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद आणि आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार यांचे विषय या अभ्यासक्रमात विद्यार्थिप्रिय आहेत. यामागे एक जुनी परंपरा आहे. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा व्याख्यानांच्या चित्रफितींचा प्रकल्प सुरू केला आणि त्याचे केंद्र चेन्नईत राहिले. कोल्हापूर, नांदेड, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या अनेक पिढ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री या चित्रफिती पाहिल्या आहेत. २०१४ पासून त्यांवर परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देणे सुरू झाले. लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच वेळी शेकडो केंद्रांवर घेण्याची यंत्रणा त्यातूनच तयार झाली होती. तो अनुभव नसता तर टाळेबंदीच्या वर्षात पदवी सुरू करणे या संस्थेलाही शक्य झाले नसते.

विखुरलेल्या विद्यार्थ्यांना एकत्र ठेवण्यासाठी त्यांना 'हाउस'मध्ये विभागण्यात आले आणि त्यांना जंगलांची नावे देण्यात आली : कान्हा, काझीरंगा, गीर, बंदीपूर, सुंदरबन, निलगिरी. गिंडी राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेल्या आणि चितळांचे कळप बाळगणाऱ्या संस्थेला हे शोभते. वर्षातून एकदा 'पॅराडॉक्स' नावाचा महोत्सव चेन्नईच्या परिसरात भरतो. अनेकांसाठी आपली संस्था डोळ्यांनी पाहण्याची ती पहिली वेळ असते.

कागदाचे वजन

आता मूळ प्रश्न. वाटेत थांबणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदाचे बाजारात आणि सरकारदरबारी मोल किती?

पहिली बारीक पण महत्त्वाची गोष्ट प्रमाणपत्र कोण देते ही आहे. पायाभूत प्रमाणपत्र आयआयटी मद्रासच्या 'सेंटर फॉर आउटरीच अँड डिजिटल एज्युकेशन' या केंद्राकडून दिले जाते. पदविका आणि पदव्या संस्थेच्या नावाने मिळतात. नोकरीच्या अर्जात 'आयआयटीतून शिक्षण' असे मोघम लिहिणाऱ्याने हा फरक लक्षात ठेवलेला बरा, कारण मुलाखत घेणाऱ्याला तो माहीत असण्याची शक्यता दिवसेंदिवस वाढते आहे.

दुसरी गोष्ट 'डिप्लोमा' या शब्दाची. महाराष्ट्रात डिप्लोमा म्हटले की दहावीनंतरचा, तंत्रनिकेतनातला, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम डोळ्यांसमोर येतो. कनिष्ठ अभियंता पदाच्या जाहिरातीत जी पदविका मागितली जाते ती हीच. चेन्नईची पदविका ही वेगळी वस्तू आहे. तिच्या बळावर तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकासाठी राखलेली जागा मागता येणार नाही. खासगी कंपन्यांत, विशेषतः पुणे, हिंजवडी, हैदराबादच्या सॉफ्टवेअर उद्योगात, पदविकेतील प्रकल्प दाखवून काम मिळवता येऊ शकते, पण ते काम प्रकल्पाच्या बळावर मिळते आणि कागद त्याला दुजोरा देतो.

तिसरी गोष्ट बी.एस. आणि बी.टेक. यांतील फरकाची. बी.एस. ही विज्ञान शाखेची पदवी आहे, अभियांत्रिकीची नव्हे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा किंवा महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा, जिथे सर्वसाधारणपणे कोणतीही मान्यताप्राप्त पदवी पुरते, तिथे ती चालते. जिथे जाहिरातीत बी.ई. किंवा बी.टेक. असे स्पष्ट लिहिलेले असते, तिथे ती पुरेशी नाही. आणि प्रमाणपत्र किंवा पदविका यांपैकी कशानेही पदवीची अट पूर्ण होत नाही, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. पण प्रवेशाच्या हंगामात समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जाहिराती पाहता ती पडते.

ऑनलाइन पदवीच्या दर्जाबद्दलचा संशय मात्र कायद्याच्या पातळीवर बराचसा मिटला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले की मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष धराव्यात. आयआयटी तर १९६१ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालणाऱ्या संस्था आहेत आणि पदवी देण्याचा अधिकार त्यांना त्या कायद्यानेच आहे.

चेन्नईने पाहिलेली जुनी वळणे

पायऱ्यापायऱ्यांनी शिकण्याची कल्पना वाटते तितकी नवी नाही. मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठे १८५७ ची. त्या काळी मॅट्रिक, मग फर्स्ट आर्ट्स म्हणजे एफ.ए., नंतरच्या काळात इंटरमिजिएट आणि शेवटी बी.ए. अशा परीक्षा होत्या. यातील प्रत्येक पायरीला समाजात आणि कचेरीत किंमत होती. मॅट्रिक झालेल्याला कारकुनी मिळत असे, 'इंटर' झालेला तर गावात मान राखून असे. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर मधली पायरी कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली आणि पदवी ही तीन वर्षांची अखंड वस्तू झाली. दुसऱ्या वर्षाला शिक्षण सोडणारा 'बारावी पास' एवढाच उरला. दोन वर्षे त्याच्या खात्यावर कुठेच जमा झाली नाहीत.

हे नुकसान भरून काढण्याचे प्रयत्न मुक्त विद्यापीठांनी केले. हैदराबादचे आजचे डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९८२ चे, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ चे. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली सुरू झालेल्या नाशिकच्या विद्यापीठाने अनेक वर्षे पूर्वतयारी शिक्षणक्रम चालवला. बारावी नसलेला, पण लिहिता-वाचता येणारा प्रौढ हा शिक्षणक्रम पूर्ण करून पदवीच्या वर्गात बसू शकत असे. एस.टी.चे वाहक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, लवकर लग्न झालेल्या स्त्रिया या वाटेने पदवीधर झाल्या. पाठ्यपुस्तके मराठीत होती, आणि एकट्याने वाचून समजावीत अशा रीतीने लिहिलेली होती.

या वाटेला पहिला मोठा धक्का तमिळनाडूतूनच बसला. चिदंबरम येथील अण्णामलै विद्यापीठाच्या मुक्त पद्धतीने, आधीची पदवी नसताना, पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या एका उमेदवाराच्या नियुक्तीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ पदवीविना मिळवलेली पदव्युत्तर पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांना धरून नाही, असा निर्णय न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने आदेश काढून, दहावी आणि बारावी न करता मुक्त विद्यापीठातून मिळवलेली पदवी सरकारी नेमणुका आणि बढतीसाठी ग्राह्य धरण्याचे बंद केले. पदवी प्रमाणपत्र खरे, परीक्षा खरी, विद्यापीठही खरे. तरीही कागद अडला, कारण खालची पायरी मोकळी होती.

आयआयटी मद्रासच्या रचनेत बारावीची अट कायम का आहे, याचे उत्तर या इतिहासात शोधता येते. जेईई नको, वय नको, विज्ञान शाखा नको म्हणणाऱ्या संस्थेने बारावी मात्र सोडलेली नाही. टीकाकार याला अपुरी उदारता म्हणतील. पण ज्या राज्यात ही संस्था आहे तिथल्या मुक्त पदवीधरांची जी गत झाली ती पाहता, विद्यार्थ्याच्या पदवीला पुढे कोणी हात लावू नये ही दक्षता रास्त वाटते.

श्रेयांकांची पेढी

धोरणाने आलेली देशव्यापी चौकट याहून थोडी वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षी ४० श्रेयांक मिळवून, शिवाय उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा अंतर्वासिता पूर्ण केली, तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दुसऱ्या वर्षानंतर ८० श्रेयांक आणि तीच चारची अट पूर्ण केल्यास पदविका. तीन वर्षांची पदवी १२० ची, चार वर्षांची १६० ची. बाहेर पडलेल्याने तीन वर्षांत परत यावे आणि सात वर्षांत पदवी पूर्ण करावी, अशी मुदत आहे.

मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी जुलै २०२१ मध्ये 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. विद्यार्थ्याचे खाते, त्यावर जमा होणारे श्रेयांक, दुसऱ्या संस्थेत गेल्यास त्यांचे हस्तांतर असा पेढीचाच व्यवहार. पण पेढी म्हटली तरी हे पैसे नव्हेत. ज्या संस्थेची पदवी हवी, तिथे किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात, आणि दुसरीकडचा कोणता विषय आपल्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानायचा, हे त्या संस्थेचे अभ्यासमंडळ ठरवते. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालये आणि विद्यापीठ विभागांत २०२३ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून ही रचना लागू झाली. परत येणाऱ्यांचा खरा ओघ आणि त्यातून निघणारे वाद अजून पुढेच आहेत.

बाहेर पडणे आणि गळणे

या सगळ्या व्यवस्थेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप दिल्लीपासून कोल्हापूरपर्यंतच्या प्राध्यापक संघटनांनी आणि विद्यार्थी संघटनांनी घेतला आहे. 'निर्गमन' हा शब्द सभ्य आहे, पण त्यामागे लपते ती गळतीच, असा तो आक्षेप. ज्याच्या घरी पैसा आहे तो चार वर्षे शिकेल. ज्याच्या घरी नाही, किंवा जिच्या घरी स्थळ पाहणे सुरू झाले आहे, ती पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन थांबेल, आणि व्यवस्थेच्या नोंदीत ती गळालेली दिसणार नाही, तर 'यशस्वीपणे बाहेर पडलेली' दिसेल. हा आक्षेप खोडून काढणे सोपे नाही.

आयआयटी मद्रासच्या उदाहरणातून त्याला अंशतः उत्तर मिळते. इथे विद्यार्थी घर किंवा नोकरी सोडून आलेला नसतो. थांबला तरी वसतिगृहाचे दार बंद होत नाही, कारण ते मुळात नव्हतेच. पुढच्या सत्राची नोंदणी करणे एवढाच पुढचा टप्पा असतो. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास परवानगी दिल्यापासून तर दुसऱ्या महाविद्यालयात शिकत शिकत हा अभ्यासक्रम करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात. अशा विद्यार्थ्याने पायाभूत प्रमाणपत्रावर थांबणे ही गळती नव्हे, कारण त्याची मुख्य पदवी दुसरीकडे चालूच असते. परंतु ज्याचा हा एकमेव मार्ग आहे, त्याच्यासाठी प्रश्न तसाच उरतो. किती जण कोणत्या स्तरावर थांबले आणि त्यातले किती परतले, हा तपशील प्रत्येक संस्थेने उत्पन्नगट आणि लिंग यांनुसार दरवर्षी प्रसिद्ध करायला हवा. त्याशिवाय लवचीकता कोणाच्या उपयोगी पडली, हे ठरवता येणार नाही.

मराठी विद्यार्थ्याच्या वाटेवर

लातूर, गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासाठी पहिली अडचण गणिताची असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती भाषेची आहे. अध्यापन, स्वाध्याय, परीक्षा, विद्यार्थ्यांच्या चर्चा, सारे इंग्रजीत. पायाभूत स्तरात इंग्रजीचे दोन विषय आहेत, ही गोष्ट भीतीदायक वाटली तरी खरे तर उपकारक आहे. भाषा येत असेल असे गृहीत धरण्याऐवजी संस्था ती शिकवते आणि त्याचे श्रेयांक देते. तरी पात्रता फेरीच्या चार आठवड्यांत गणिताची व्याख्याने इंग्रजीतून समजून घेणे मराठी माध्यमातून कला शाखेत गेलेल्या मुलीला सोपे जाणार नाही. तिने अर्ज भरण्याच्या आधी दोनेक महिने एनपीटीईएलच्या मोफत चित्रफिती ऐकून कान तयार केले, तर तिचा अर्जाचा खर्च वाया जाण्याची शक्यता बरीच कमी होते. दहावीचे बीजगणित, आलेख, संच आणि फल हे भागही पुन्हा उघडून पाहावे लागतील. बारावीचे गणित आवश्यक नाही, पण दहावीचे पक्के हवे.

दुसरी अडचण यंत्राची. व्याख्याने मोबाइलवर पाहता येतात, परंतु पायथनचे स्वाध्याय मोबाइलवर करणे म्हणजे मोरीत बसून पुरणपोळ्या लाटण्यासारखे आहे. पदविका स्तरावरच्या प्रकल्पांना बऱ्यापैकी लॅपटॉप लागतोच. शुल्कमाफी मिळाली तरी हा खर्च विद्यार्थ्याचाच. तिसरी अडचण अंतराची. परीक्षा केंद्रे मोठ्या शहरांकडे झुकलेली असतात, आणि प्रत्येक सत्रात दोन-तीन वेळा प्रवास करावा लागतो. अर्ज भरताना जवळचे केंद्र कोणते आणि रविवारी सकाळी तिथे पोहोचणारी गाडी आहे का, हे आधी पाहून ठेवावे.

इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचा अभ्यासक्रम निवडणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. त्यातील प्रयोगशाळेचे काही काम चेन्नईच्या परिसरात येऊन प्रत्यक्ष करावे लागते. मुंबईहून रेल्वेने चेन्नई गाठायला जवळपास एक पूर्ण दिवस लागतो. नोकरी करणाऱ्याला त्यासाठी रजा काढून ठेवावी लागेल, आणि रेल्वेचे आरक्षण प्रयोगशाळेच्या तारखा जाहीर होताच करावे लागेल. डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाला ही अट नाही.